पाणमांजर, पूल आणि सासूबाईंचं नाक

लग्नानंतर सासरी पाऊल टाकलं त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या नाकासमोर एक पान धरलं. पानावर काळपट, चिकट, माशांच्या काट्यांनी भरलेलं काहीतरी होतं.

"वास घे," त्या म्हणाल्या.

नवरा त्यांच्या मागे उभा राहून डोळ्यांनी विनवत होता, की घे बाई, या घरात हे सगळ्यांनाच करावं लागतं. मी घेतला. "मासळी," मी म्हणाले, "आणि मागून जरासं गोड. ओल्या गवतात मध सांडल्यासारखं."

"पास!" सासूबाई म्हणाल्या आणि ते पान त्यांनी एखादी जोखमीची वस्तू ठेवावी तसं कागदात गुंडाळून ठेवलं. ती पाणमांजराची विष्ठा होती. नव्या सुनेचं स्वागत लोक कशाकशाने करतात, माझं असं झालं. पण खोटं का बोलू, इतक्या मनापासून मला पास करणारं त्याआधी कोणी भेटलं नव्हतं.

सासूबाई वन्यजीव कार्यालयात निरीक्षक. उभी हयात त्यांनी नदीकाठी पाणमांजरं शोधण्यात घालवली. पाणमांजर स्वतः सहसा दिसत नाही. ते दगडावर आपली खूण ठेवून जातं, आणि त्या खुणेवरून ते इथे राहतं की नाही हे ठरवायचं. कुत्र्याची विष्ठा कुठली, मुंगसाची कुठली आणि पाणमांजराची कुठली, हे दिसण्यावरून भले भले चुकतात. वासावरून सासूबाई चुकत नसत. कार्यालयात त्यांना तोंडावर 'मोठ्या बाई' म्हणत आणि पाठीमागे नुसतं 'नाक'.

पुढे मीही त्याच कार्यालयात लागले. माझं काम खुर्चीवरचं, संगणकावर नकाशे तपासायचं. म्हणजे दिवसभर सासूबाई आणि घरी आल्यावर पुन्हा सासूबाई. मैत्रिणी माझ्याकडे दयेने बघायच्या. त्यांना मी काही सांगत नसे, कारण दया फुकट मिळत असेल तर घ्यावी.

घरात त्या नाकाची दहशत होती. फ्रिजमध्ये मागे सारलेलं कालचं जेवण, नीट न वाळलेला टॉवेल, नवऱ्याने पार बसथांब्याजवळ ओढलेली सिगारेट, सगळं त्यांना जिन्यातच कळायचं. चाळिशीचा माणूस, पण आईसमोर श्वास रोखून उभा राहायचा. मग दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना मोठा ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळल्या, आणि उठल्या त्या निराळ्याच होऊन. शिळं अन्न निमूटपणे खाऊ लागल्या. दूध लागलं तरी चकार शब्द नाही. नवरा तर मागच्या खिडकीत उभा राहून खुशाल धूर सोडू लागला. "आई निवळली गं," तो म्हणायचा. मीही मान डोलवायचे. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून आम्ही दोघं खुशीत होतो.

त्याच दोन वर्षांत, मुख्यतः त्यातल्या नव्या नोंदींवर, त्यांचं मॉडेल तयार झालं. मॉडेल म्हणजे फार काही गूढ नाही. पाणमांजर कुठे कुठे सापडलं ते संगणकाला सांगायचं, त्या जागी पाणी किती खोल, काठ किती उतरता, झाडी किती, पूल किती लांब, हेही सांगायचं. मग संगणक न पाहिलेल्या जागांबद्दल अंदाज बांधतो: इथे असेल, इथे नसेल. असेल तिथे नकाशावर लाल रंग, नसेल तिथे कोरा. हंगाम संपला की सासूबाई निवृत्त होणार होत्या, आणि जाता जाता हा नकाशा नदी खात्याच्या हाती देणार होत्या. लाल काठांना कोणी हात लावायचा नाही. कोऱ्या ओढ्यांना सिमेंटचे काठ बांधायला किंवा वरून झाकायला खातं मोकळं. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं हेच एक फळ होतं, आणि ते त्यांना डोळ्यांदेखत मंजूर झालेलं बघायचं होतं.

मंजुरीआधी नकाशाची परीक्षा व्हावी लागते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न आमच्या साहेबांनी फार हुशारीने सोडवला. मांजराच्याच घरातल्या उंदराला बोलावलं. "तुम्ही घरच्याच," साहेब मला म्हणाले, "तुमचं त्या ऐकतील." साहेबांचं लग्न झालेलं नाही, म्हणून सोडून दिलं.

याआधीही एक परीक्षा झाली होती, सासूबाईंनी स्वतः घेतलेली. थोड्या नोंदी बाजूला झाकून ठेवायच्या, उरलेल्यांवर मॉडेलला शिकवायचं, आणि मग झाकलेल्या जागा ओळखायला सांगायचं. मॉडेलला शंभरात पंचाण्णव गुण मिळाले होते. सासूबाईंनी ते अख्ख्या कार्यालयाला सांगितलं होतं, पोराच्या गुणपत्रिकेसारखं. नवऱ्याला शाळेत कधी इतके गुण मिळाले नव्हते, हेही त्यांनी ओघात सांगितलं.

मी नोंदी उघडल्या आणि कपाळाला हात लावला. झाकलेली नोंद एका पुलाखालच्या या दगडावरची आणि दाखवलेली नोंद त्याच पुलाखालच्या शेजारच्या दगडावरची. ही कसली परीक्षा? आदल्या दिवशी पेपर दाखवून पोराला बसवल्यासारखं झालं. मग मी सुटे दगड झाकण्याऐवजी नदीचं अख्खं एक खोरंच झाकलं. उरलेल्या खोऱ्यांवर मॉडेलला शिकवलं आणि म्हटलं, आता सांग बाबा, या झाकलेल्यात पाणमांजरं कुठे?

मॉडेलने पूल दाखवले. सगळे पूल, आणि पुलांशिवाय जवळजवळ काही नाही. त्यातला सगळ्यात लालबुंद ठिपका मोठ्या रस्त्यावरच्या उड्डाणपुलाखाली होता. तिथे नदी नाही, ओढा नाही, पाण्याचा नळसुद्धा नाही. एक गॅरेज आहे आणि पंक्चर काढणारा बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. सांगायची घाई नडली माझी. थोडं हसूही येत होतं.

"उड्डाणपुलाखाली?" त्यांनी कप खाली ठेवला.

"पंक्चरवाल्याच्या शेजारी, आई. आपण दुसरीकडे कुठे बघितलंच नाही. गाडी लावता येते ती जागा पुलाची. तिथे उतरायचं, खाली वाकायचं, नोंद करायची आणि पुढच्या पुलाला जायचं. पाणमांजर कुठे राहतं ते मॉडेलला ठाऊकच नाही. तुम्ही कुठे उतरता ते पाठ आहे."

"पुलाखाली पाऊस लागत नाही. गाळावर पावलं टिकतात," त्या म्हणाल्या. "म्हणून पूल. हे तुला खुर्चीवर बसून कळायचं नाही."

"कबूल. पण मग मधल्या मैलोन्मैल काठाचं काय?"

"मॉडेल हट्टी असेल जरा," नवरा मध्ये पडला. "कोणावर गेलंय, देव जाणे."

"तू तुझा चहा पी," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

शेवटी ठरलं असं, की प्रत्यक्ष जाऊन बघायचं. संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जागा निवडायच्या, काही लाल रंगातल्या, काही कोऱ्यातल्या. पूल आला तर आला, नाही तर नाही. निघेल त्या जागी जायचं. कोऱ्या जागी खूण सापडली तर मॉडेल चुकलं. साहेबांनी तरुण निरीक्षक देऊ केला, पण सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. "माझ्या नकाशाची परीक्षा आहे, मीच जाणार." बरोबर मी. जागांची यादी पाहताना शेवटच्या जागेशी मी थबकले. तो आमच्याच घराच्या मागचा ओढा होता, नकाशावर कोरा.

"त्या गटारात?" सासूबाई हसल्या. "वर धोबीखाना आहे. तिथे बेडूकसुद्धा तोंड धुवायला येणार नाही. ती जागा काढून टाक."

"काढता येत नाही, आई. आवडत नाही ती जागा काढायची म्हटलं, तर आपण पुन्हा पुलाखालीच."

लाल जागा छान झाल्या. पुलाखाली गाळावर पाच बोटांची पावलं, बोटांमधल्या पडद्याची पुसट रेघ. सासूबाई गुडघ्यावर बसून मला एकेक दाखवत होत्या, आणि मी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी गंभीर मान हलवत होते. मग एका वरच्या ओढ्यावर गेलो. नकाशावर पूर्ण कोरा. ना पूल, ना गाळ. सगळा दगडगोट्यांचा काठ. तिथे पाण्याच्या मधोमध एका दगडावर विष्ठा होती.

सासूबाईंनी ती पानावर घेतली, नाकाजवळ नेली, लांब श्वास घेतला. "कुत्र्याची," त्या म्हणाल्या आणि पान खाली टाकलं.

मी ते उचललं. का उचललं ते सांगता येत नाही, सवयीनेच असेल. मासळी, आणि मागून ओल्या गवतातला मध. चूक व्हायला जागाच नव्हती.

"आई, हे पाणमांजर आहे."

"कुत्रं आहे."

"तुम्हीच मला शिकवलंत. पहिल्याच दिवशी."

"आणि आज तू मला शिकवतेस?"

मी भडकले. माझा स्वभाव तापट आहे आणि तो लपवायची मला सवय नाही. "नकाशा वाचवायला कुत्र्याचं नाव पुढे करताय," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला नदीत ढकललं असतं." त्या वळून गाडीकडे चालू लागल्या. घरी परतेपर्यंत गाडीत आम्ही एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी तणतणत खोलीत गेले, दार आपटलं, कपडे बदलले. बाहेर आले तर घरभर धूर. दूध उतू जाऊन शेगडीवर करपत होतं, पातेल्याचा तळ काळा पडलेला. आणि सासूबाई शेगडीपासून हातभर अंतरावर पाठ करून बसल्या होत्या, बुटांना लागलेला चिखल काढत. अगदी शांत. त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मी गॅस बंद केला. शिळं जेवण आठवलं. सिगारेट आठवली. दोन वर्षांतलं सगळं एकामागून एक समोर येऊन उभं राहिलं, आणि मला माझीच शरम वाटली. आम्ही दोघं किती खुशीत होतो!

"आई," मी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी मागे वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता सांगून टाकावं लागणार हे त्यांना कळलं.

"त्या तापापासून," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं, येईल परत. डॉक्टर म्हणाले, काहींचं येतं, काहींचं नाही."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? म्हातारी निवळली म्हणून तुम्ही दोघं किती आनंदात होता. म्हटलं, राहू दे. कोणाला तरी फायदा होतोय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांच्या हातातला बूट काढून घेतला.

"नोंदी?"

"एकही खोटी नाही," त्या चटकन म्हणाल्या. "जिथे पावलं दिसली तिथेच लिहिलं. पावलं नसली की सोडून दिलं. म्हणून तर पूल. आधीही पूलच जास्त होते गं, पण मधल्या काठाने चालायचे मी. मग वाटायला लागलं, दगडावर काही सापडलं तर काय म्हणायचं? म्हणून दगडांकडे जाणंच सोडलं." त्या थांबल्या. "आज पहिल्यांदा खोटं बोलले. आठवत होतं वास कसा असतो ते. वाटलं, जोरात श्वास घेतला तर येईल."

"मग साहेबांना सांगून टाकू."

"दोन वर्षांच्या नोंदी गेल्या तर जाऊ देत. पण लोक म्हणतील, आधीच्याही अशाच असतील. बाईंचं नाक कधी गेलं कोणास ठाऊक. सगळंच जाईल मग." त्यांना इतकं घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. "तू तुझ्या अहवालात काय लिहायचं ते लिही. मी अडवणार नाही."

मी काहीच ठरवलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "एक जागा राहिलीय अजून. सकाळी जाऊ."

सकाळी आम्ही घराच्या मागच्या दाराने उतरलो. इतकी वर्षं त्या घरात राहून आम्ही त्या दाराचा उपयोग फक्त कचरा टाकायला केला होता. ओढा अरुंद, काठाला मोडकळलेला बांध, वरच्या अंगाला धोबीखान्याच्या नळीतून पांढुरका फेस येत होता. पण फेसाच्या खाली पाणी चांगलंच खोल होतं आणि त्यात बोटाएवढे मासे लखलखत होते. सासूबाईंनी ते माझ्याआधी पाहिले. त्यांची चाल बदलली. पाण्यात झुकलेल्या झाडाच्या मुळाशी त्या गेल्या, वाकल्या आणि तशाच राहिल्या.

मुळावर विष्ठा होती. एक नाही, जुन्या-नव्या मिळून ढीगभर. शेजारी कुठेही पावलं उमटण्यासारखी जमीन नव्हती.

सासूबाईंनी पान तोडलं, त्यावर थोडी घेतली, आणि ते पान त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"वास घे," त्या म्हणाल्या.

मी घेतला.

"काय येतंय?"

"साबण."

"साबण वरून येतोय. तो वगळ. पानाला दोन्ही हातांनी आडोसा कर. आता?"

"मासळी."

"नुसती मासळी तर मांजरालाही येते. मागून?"

"गोड आहे, आई."

"कसं गोड? उगाच मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"ओल्या गवतात मध सांडल्यासारखं," मी म्हणाले. "तेच. पहिल्या दिवशीचं."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना तो वास कुठून तरी आठवणीतून येत असावा, कारण चेहरा तसाच खुलला जसा त्या संध्याकाळी खुलला होता. मग त्यांनी डोळे उघडून ओढ्याकडे पाहिलं, फेसाकडे पाहिलं, आणि वर आमच्या घराकडे पाहिलं.

"म्हणजे माझा नकाशा नापास," त्या म्हणाल्या.

"नापास."

"घराच्या मागे."

"हो."

"ती म्हण मनातसुद्धा आणू नकोस."

"कुठली म्हण?" मी म्हणाले. काखेतला कळसा आम्ही दोघींनी निमूटपणे तिथेच राहू दिला.

"हा ओढा माझ्या सहीने झाकला गेला असता," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांची मान ताठ झाली. त्या ज्या जागी उभ्या होत्या तिथून आमच्या घराची मागची खिडकी समोर दिसत होती. त्या खिडकीत त्यांचा चिरंजीव बनियनवर उभा होता, आणि मोठ्या समाधानाने आकाशात धूर सोडत होता.

"हे किती दिवस चाललंय?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या तापापासून," मी म्हणाले.

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले आणि अशी हाक मारली की ओढ्यातले मासे तळाला गेले असतील. सिगारेट खिडकीतून खाली पडली, पाठोपाठ काडेपेटी पडली, आणि नवरा आत नाहीसा झाला.

मंजुरीच्या बैठकीत सासूबाई माझ्याआधी उठल्या. माझा अहवाल माझ्या हातातच राहिला. त्यांनी नदी खात्याच्या लोकांसमोर, साहेबांसमोर, सरळ सांगितलं: माझं नाक दोन वर्षांपूर्वी गेलं, त्यानंतरच्या नोंदी पुलांपुरत्याच आहेत, आणि नकाशा जिथे कोरा आहे तिथे पाणमांजर नाही असं नाही, तिथे आम्ही पाहिलं नाही. मंजुरी देऊ नका. सगळ्या ओढ्यांची पुन्हा पाहणी करा. त्यांना भीती होती तेही झालंच, मागच्या रांगेत एक-दोघं कुजबुजले. त्यावर त्या म्हणाल्या, "जुन्या नोंदींबद्दल शंका असेल त्याने माझ्याबरोबर यावं. वास त्याने घ्यायचा, जागा मी दाखवते." कोणी हात वर केला नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की टाळ्या वाजवायला मीच सुरुवात केली, आणि सुरुवात करून बराच वेळ एकटीच वाजवत राहिले. शेवटी साहेबांना लाज वाटून त्यांनी साथ दिली.

मंजुरी थांबली. ओढ्याच्या कागदावर 'पाहणी बाकी' असा शिक्का पडला. सासूबाई नकाशाविनाच निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बूट घालून पाहणीच्या गाडीत येऊन बसू लागल्या. त्यांना उतरवायची कोणाची छाती नाही.

नवऱ्याला मात्र आम्ही काही सांगितलेलं नाही. त्या सकाळी ओढ्यावरून मी घरात शिरताच त्याने मला कोपऱ्यात घेतलं होतं. "एवढ्या लांबून, धोबीखान्याच्या साबणातून, आईला वास आला?"

"तुझ्या आईचं नाक आहे ते," मी म्हणाले.

तेव्हापासून त्याने सिगारेट सोडली आहे. निदान घरात तरी. संध्याकाळी आम्ही तिघं चहाला बसतो, शेगडीवर दूध असतं, आणि ते करपू लागल्याचा वास आला की मी त्याच्या पाठीमागून सासूबाईंना दिसेल असं नाकाला हळूच बोट लावते. सासूबाई पेपरातून मान वर करून खेकसतात, "दूध बघ रे!" आणि तो धावत सुटतो.